घाटावर हवा विरळ, मग टायमिंग सुधारलं कसं?

दोनस्ट्रोक_डोंबिवली
गाडी यामाहा आरएक्स 135, पोर्टिंग केलेलं (सिलिंडरच्या आत-बाहेरच्या वाटा घासून मोठ्या), कार्ब (हवेत पेट्रोल मिसळणारं कार्ब्युरेटर) मूळचंच. मे महिन्यात पनवेलजवळ एका बंद आवारात (परवानगी काढून, उगाच सुरू होऊ नका) दुपारी 1 वाजता 402 मीटरला 15.62 सेकंद. डिसेंबरात लोणावळ्याजवळच्या खासगी धावपट्टीवर, सकाळी साडेसहाला 15.44. तीच गाडी, तेच टायर, मीही तेवढाच (आई म्हणते वाळलोय).

आमचा मेकॅनिक म्हणाला होता, "वर हवा विरळ, मेन जेट एक नंबर लहान टाक." जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिळालं नाही म्हणून तसाच गेलो. त्यात हवामानाच्या अ‍ॅपवर पनवेलला दाब 1006 हेक्टोपास्कल होता आणि लोणावळ्यात 1014. वर दाब जास्त? मग उंचीचं सगळं थोतांडच ना?

पिस्टनकाका_परळ
थोतांड नाही रे. अ‍ॅपने तुला फसवलं. ते दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतं, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. लोणावळा सुमारे 620 मीटरवर, तिथे तुझ्या कार्बच्या तोंडाशी खरा दाब 942 च्या आसपास होता. मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर तो खरा आकडा दाखवेल.

पण इंजिन दाब खात नाही, ऑक्सिजन खातं. तापमान किती होतं दोन्ही वेळी?

दोनस्ट्रोक_डोंबिवली
पनवेल 34, दमटपणा 65 टक्के. लोणावळा 12, हात आखडले होते. दमटपणा 60.

पिस्टनकाका_परळ
झालं तर मग. मेच्या त्या हवेत 1006 पैकी जवळपास 35 नुसती वाफ. वाफ जागा अडवते, जळायला काही देत नाही. शिवाय ती कोरड्या हवेपेक्षा हलकी. घामाने चिकचिकलेल्या माणसाला ही हवा जड वाटते ते सोड. हिशोब केला तर पनवेलची हवा घनमीटरला 1.13 किलो भरते, लोणावळ्याची 1.15. म्हणजे प्रमाण वातावरणाच्या (तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी हवेच्या) मापाने त्या दुपारी तू पनवेलला 870 मीटरवर होतास आणि लोणावळ्यात 680 वर! घाट चढलास, पण हवेच्या हिशोबात खाली उतरलास.

वाफ वगळून ऑक्सिजन धरला तर लोणावळ्यात साधारण साडेतीन टक्के जास्त. पॉवर तेवढी वाढली तरी वेळ तेवढा घटत नाही, पॉवरच्या घनमुळाने घटतो. म्हणून एक टक्का आणि वर थोडं. 15.62 चे 15.45. तुझं घड्याळ चोख आहे.

उलट मेमध्येच दोन्हीकडे पळवली असतीस तर वर मार खाल्ला असतास.

घाटवाट
टर्बोवाल्यांना हे कमी जाणवतं, दाबाची तूट टर्बो बरीचशी भरून काढतो. आपल्या साध्या इंजिनाची पॉवर 1000 फुटाला ढोबळ 3 टक्के जाते. अमेरिकेत डेन्व्हरजवळचा बँडिमेअर ड्रॅग ट्रॅक (2023 मध्ये बंद झाला) 5,800 फुटांच्या आसपास होता. अशा उंच ट्रॅकवरचे वेळ सपाटीच्या वेळांशी जुळवायला तिकडे वेगळे गुणकच लावतात.

पिस्टनकाका_परळ
बरोबर. पण डोंबिवलीकर, जेट मिळालं नाही हे तुझं नशीब. मेच्या हवेवर लावलेलं जेट आणि त्यात थंडीची हवा: मिश्रण आधीच कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडलं होतं. त्यात आणखी लहान टाकलं असतंस तर टू-स्ट्रोक पिस्टन तापून जाम व्हायला किती वेळ? माझी एकदा जानेवारीत खोपोलीच्या अलीकडे झाली, मागचं चाक लॉक. क्लच दाबेपर्यंत गाडी आडवी. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

प्लग काढून बघितलास का?

दोनस्ट्रोक_डोंबिवली
लोणावळ्याहून आल्यापासून गाडी झाकून ठेवलीय. आत्ता काढला. टोक पांढुरकं आहे, काका. चॉकलेटी नाही.

पिस्टनकाका_परळ
पांढुरकं म्हणजे मिश्रण कोरडंच. मेन जेट एक नंबर मोठं टाक, आजच. जुनं डबीत जपून ठेव, मे महिन्यात लागेल.