सल्ला हवा: ६० टक्के हिस्सा विकल्यावर पाकिटावर ‘अल्पसंख्याक मालकी’ लिहिता येईल का?

चटणीवाली (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. मी आणि माझी नणंद मिळून चटण्या आणि भाजण्या विकतो. शेंगदाणा, जवस, कारळं, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी. दोघी अमेरिकन नागरिक, कंपनी आजवर शंभर टक्के आमची. एनएमएसडीसीचं, म्हणजे अल्पसंख्याक पुरवठादारांना मोठ्या कंपन्यांशी जोडणाऱ्या इथल्या संस्थेचं, अल्पसंख्याक-मालकीचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळेच एका मोठ्या किराणा साखळीचं दार उघडलं. पाकिटाच्या मागेही ‘अल्पसंख्याक महिलांच्या मालकीचा व्यवसाय’ असं छापतो.

आता एक गुंतवणूक कंपनी ६० टक्के हिस्सा मागतेय. पैसा बरा आहे, भाड्याच्या किचनमधून स्वतःच्या जागेत जाता येईल. त्यांचा माणूस म्हणतो, “शिक्का राहू दे, चेहरा तर तुमचाच आहे.” वर सुचवतो की प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या कागदांवर तुमचे ५१ टक्के दाखवू आणि खरा हिशेब बाजूच्या करारात ठेवू. नणंदेला यात काही वावगं वाटत नाही. माझ्या मात्र घशाखाली उतरत नाही. प्रमाणपत्र सरळ मार्गाने टिकवता येतं का? नाहीच टिकलं तर पाकिटावर काय लिहायचं? आणि अशा कामासाठी वकील कसा शोधायचा?

टवाळ_टेक्सास
एवढं मनाला लावून घेऊ नका हो. इथल्या निम्म्या आयटी कंपन्या बायकोच्या नावावर आहेत. बायको शाळेत शिकवते आणि कागदावर प्रेसिडेंट. कोण बघतंय?

हिशेबनीस (शिकागो)
टवाळभाऊ, बघतात. मी अशा अर्जांचे हिशेब तयार करून देतो, म्हणून सांगतो. माणूस प्रत्यक्ष जागेवर येतो, मालकाला बसवून विचारतो: भांडवल कुठून आलं, चेकवर सही कोणाची, माणसं कोण ठेवतं आणि काढतं, बँकेशी कोण बोलतं. शाळेतल्या बाईंना स्वतःच्या कंपनीचा मोठा ग्राहक कोण ते सांगता आलं नाही की खेळ तिथेच आटोपतो.

चटणीवाली ताई, बाजूचा करार अजिबात नको. त्यावर वेगळी चर्चा करायचीही गरज नाही. पण एक गोष्ट तुमच्या गुंतवणूकदाराला बहुधा ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही. एनएमएसडीसीचा नेहमीचा नियम ५१ टक्क्यांचा: मालकीही तुमची आणि कारभारही तुमचा. मात्र बाहेरचं भांडवल घेऊन वाढणाऱ्या कंपन्यांसाठी त्यांनी २००० साली एक वेगळी वाट काढली. तिच्यात आर्थिक हिस्सा ३० टक्क्यांपर्यंत खाली आला तरी चालतो, पण मतदानाचे किमान ५१ टक्के हक्क, संचालक मंडळातलं बहुमत आणि रोजचा कारभार मूळ मालकांकडेच राहायला हवा. तुमच्याकडे ४० टक्के उरतायत, म्हणजे आकड्याची अडचण नाहीच. अडचण आहे ती मताधिकाराची. गुंतवणूकदाराला म्हणा, पैशाचे शेअर ६० टक्के घ्या, मतं आमची. तो काय उत्तर देतो त्यावरून त्याला तुमचा धंदा हवाय की शिक्का, ते कळेल.

महिलांचं प्रमाणपत्र किंवा राज्याचं प्रमाणपत्र असेल तर तिथे ही सूट धरून चालू नका. ते ५१ वरच अडतात.

पुलाखालचा_इंजिनिअर (पेनसिल्वेनिया)
‘कोण बघतंय’वरून आमच्या राज्यातलं एक प्रकरण. शायलकिल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी पुलांचे काँक्रीट बीम बनवायची. महामार्गाच्या कामात ठरावीक वाटा वंचित गटांच्या कंपन्यांना द्यावा लागायचा, म्हणून ही कामं मॅरिकिना कन्स्ट्रक्शन या कनेटिकटमधल्या छोट्या कंपनीच्या नावावर घेतली जायची. तिचा मालक फिलिपिनो वंशाचा. १९९३ ते २००८ हे असंच चाललं, १३ कोटी डॉलरच्या वर कामं झाली. काम शोधायचं, भाव ठरवायचा, बीम बसवायचे, सगळं शायलकिलचीच माणसं करायची. मॅरिकिनाला नाव वापरू दिल्याबद्दल ठरलेली छोटी रक्कम. शायलकिलच्या माणसांच्या खिशात मॅरिकिनाची व्हिजिटिंग कार्डं असायची आणि गाड्यांवरचं स्वतःचं नाव ते चुंबकी पाट्या लावून झाकायचे!

मालक दोषी ठरले, तुरुंगात गेले. मजा म्हणजे बीममध्ये खोट नव्हती. २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की नुकसान मोजताना प्रत्यक्ष झालेल्या कामाची किंमत वजा करा, म्हणजे शिक्षेचा हिशेब बदलला. गुन्हा मात्र गुन्हाच राहिला.

टवाळ_टेक्सास
ते सरकारी काम झालं. चटणीला एफबीआय येणार आहे का?

हिशेबनीस (शिकागो)
फरक आहे, मान्य. सरकारी कंत्राटात आपण अल्पसंख्याक किंवा वंचित असल्याबद्दल खोटं बोललात तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सरकारकडून खोटं सांगून पैसे घेण्याविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स कायद्याखाली तिप्पट भरपाई. त्यात वसुलीचा १५ ते ३० टक्के वाटा खबर देणाऱ्याला मिळतो, त्यामुळे नाराज होऊन नोकरी सोडलेला अकाउंटंट हा तुमचा सगळ्यात महागडा माणूस ठरतो. किराणा साखळीशी खोटं बोललात तर ते बहुतेक कराराचं भांडण होईल. पण करारात तुम्ही लिहून दिलेलं असतं की मालकी बदलली तर कळवू. नंतर निघालं तर माल परत, आणि वर दावा.

जुनी_खरेदीदार (मिनेसोटा)
मी बरीच वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात होते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. प्रमाणपत्र संपलं की आमच्या तक्त्यातल्या एका रकान्यातून पुरवठादार गळतो, एवढंच. शेल्फवरून उतरतो तो माल खपत नाही म्हणून. शिक्क्याने पहिली भेट मिळते, दुसरी ऑर्डर चवीला मिळते. आणि आता त्या शिक्क्याचा भावही उतरलाय. जानेवारी २०२५ नंतर बऱ्याच कंपन्यांनी अशा पुरवठादारांसाठीचे कार्यक्रम गुंडाळले. टार्गेट या दुकानांच्या साखळीने तर पुरवठादार विविधतेच्या विभागाचं नावच बदललं. म्हणजे ज्यासाठी खोटं बोलायचं, ती वस्तूच स्वस्त होत चाललीय.

पाकिटाबद्दल जास्त जपा. दुकानदार प्रमाणपत्र मागतो, गिऱ्हाईक विश्वासावर घेतं. गूगलच्या नकाशावर २०२० पासून कृष्णवर्णीय-मालकीची खूण लावता येते, ती मालकाने स्वतःच लावायची असते. म्हणून फसवलं गेल्याचा राग जास्त येतो. हनी पॉट या कृष्णवर्णीय महिलेने काढलेल्या, महिलांच्या स्वच्छतेच्या वस्तूंच्या कंपनीवर २०२२ मध्ये घटक बदलल्यावर ‘विकली गेली’ अशी आवई उठली, तेव्हा संस्थापिकेला पुढे येऊन नाही म्हणून सांगावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये मात्र बहुसंख्य हिस्सा खरोखरच गेला. मिएल ही अशीच कृष्णवर्णीय महिलेने सुरू केलेली केसांची उत्पादनं २०२३ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने घेतली, तेव्हाही हीच कुरकुर. लोकांना विकण्याचा राग नसतो, निदान सगळ्यांना नसतो. आपल्याला दुसऱ्याकडून कळलं याचा असतो.

मतं तुमच्याकडे राहिली नाहीत तर ‘दोन मराठी महिलांनी सुरू केलेला व्यवसाय’ लिहा. ते खरं आहे आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. ‘मालकीचा’ हा शब्द काढा. ‘अभिमानाने अल्पसंख्याक’ वगैरे धूसर काही नको, ते वाचून मालकीच समजावी अशाच बेताने लिहिलेलं असतं.

तिरका_प्रश्न
मला मुळात विचारायचंय, आपण कशाला हा शिक्का घेतो? ज्यांच्या वाडवडिलांना गुलामीत राबवलं त्यांच्यासाठीच्या योजनेत पदवी घेऊन विमानाने आलेले आपण. भारतीय उपखंडातले लोक वंचित गटांच्या सरकारी यादीत १९८२ मध्ये आले, तेही आपल्याच संघटनांनी अर्ज-विनंत्या केल्यावर.

चटणीवाली (न्यू जर्सी)
रास्त प्रश्न. माझं उत्तर एवढंच की यादीत आम्ही बसतो हे खरं आहे आणि बँकेने आम्हा दोघींना कर्ज नाकारलं हेही खरं आहे. यादी कशी असावी यावर तुमच्याशी भांडणार नाही. सरकारी बाजूला ती तशीही बदलतेच आहे ना?

हिशेबनीस (शिकागो)
हो. २०२३ मध्ये टेनेसीतल्या न्यायालयाने आठ-ए या, वंचितांच्या छोट्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं देणाऱ्या योजनेतलं ‘अमुक वंशाचा म्हणजे वंचित’ हे गृहीतक अडवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतूक खात्यानेही तसंच गृहीतक काढलं. आता आपली अडचण स्वतः मांडून पटवावी लागते.

भोसरीचा_लेथ (पुणे)
इकडचं सांगतो. केंद्राच्या खरेदी धोरणात सरकारी कंपन्यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. इथेही ५१ टक्क्यांचाच नियम. आमच्या पुण्यातच २००५ मध्ये डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, सुरू झालं, आता थोडी माहिती पोचते. पण मला दरवर्षी कोणीतरी येऊन विचारतो, “साहेब, टेंडर तुमच्या नावावर, काम आमचं, तुम्हाला दोन टक्के.” एकदा हो म्हटलं की पुढच्या खऱ्या टेंडरला तुमच्याकडे अनुभवाचा कागद असतो आणि अनुभव नसतो. मशीनवर माझा पोरगा उभा राहतो, म्हणून मी नाही म्हणू शकतो. ज्याच्याकडे मशीन नाही त्याला मी नावं ठेवणार नाही.

आणि एक. माझ्या शॉपच्या पाटीवर मी जात लिहीत नाही. सरकारी अर्जात लिहितो, कारण तिथे विचारलंय. खासगी गिऱ्हाइकाला कळलं की काहींचा भाव पाडून मागायचा सूर लगेच बदलतो, हे मी बघितलंय. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाची नावं लावायला सांगितली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने २२ जुलैला ती सक्ती थांबवली: कोणतं अन्न विकता ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नको. म्हणजे न सांगणं हा माझा हक्क. पण सांगितलंच, आणि त्यावर माल विकला, तर खरं सांगायचं. ताई, तुम्ही सांगून विकताय.

चटणीवाली (न्यू जर्सी)
सगळ्यांचे आभार. कालच मताधिकाराचा विषय काढला. गुंतवणूकदाराचा आवाज एकदम थंड झाला, “बघून सांगतो” म्हणाला. नणंदेला चुंबकी पाट्यांचा किस्सा वाचून दाखवला, ती हसली आणि मग म्हणाली, बाजूचा करार नको. वकिलाचं कोणी सांगेल का? आणि छापून पडलेल्या पाकिटांचं काय करायचं?

हिशेबनीस (शिकागो)
वकील कंपनी-विक्रीचा हवा, पण त्याला पहिलाच प्रश्न हा विचारा की बाहेरचं भांडवल घेऊन प्रमाणपत्र टिकवलेला अशील त्याने हाताळलाय का. अडखळला तर पुढचा. सही करण्याआधी एनएमएसडीसीच्या तुमच्या प्रादेशिक कौन्सिलला कराराचा मसुदा दाखवून लेखी मत घ्या. फोनवरचं “चालेल” कामाचं नाही.

जुनी_खरेदीदार (मिनेसोटा)
पाकिटं व्यवहार होईपर्यंत बिनधास्त वापरा, तोवर मालक तुम्हीच आहात. त्यानंतर मतं गेली असतील तर त्या ओळीवर नव्या ओळीचं लेबल चिकटवा आणि पुढची छपाई बदला. साखळीतल्या तुमच्या खरेदीदाराला मात्र आधी मेल करा, बातमीतून कळू देऊ नका. आणि कारळ्याची चटणी मिनेसोटात कुठे मिळते तेही कळवा.