ऑक्सफर्डच्या साँग फेस्टिव्हलला आईला न्यायचंय, कुठलं तिकीट काढू? (सल्ला हवाय)

मिरजकर_परदेशी
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई येतेय माझ्याकडे ऑक्सफर्डला आणि नेमका तेव्हाच इथला साँग फेस्टिव्हल असतो, पूर्वी ऑक्सफर्ड लीडर म्हणायचे (लीडर म्हणजे जर्मनमध्ये 'गाणी'), २०२३ पासून नाव बदलून ऑक्सफर्ड इंटरनॅशनल साँग फेस्टिव्हल केलंय. एक गायक किंवा गायिका, एक पियानो, बाकी काही नाही, माईकसुद्धा नाही. शूबर्ट, शूमान, ब्राम्स, वुल्फ वगैरे मंडळींनी कवितांना लावलेल्या चाली. मला स्वतःला आवडतं पण मी काही जाणकार नाही, आणि दोन आठवडे रोज दुपारी, संध्याकाळी, कधी रात्री उशिरा असं काही ना काही चालू असतं त्यामुळे प्रोग्रॅम उघडला की डोकंच चालत नाही.

आईबद्दल सांगतो म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. शाळेत संस्कृत शिकवायची, आता रिटायर. मिरजेची, त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात रात्र रात्र बसून गाणं ऐकलेली बाई. जर्मनचा गंध नाही, इंग्रजी व्यवस्थित वाचते. गुडघे दुखतात. आणि मत एकदा बनलं की बनलं, पहिला कार्यक्रम फसला तर दुसऱ्याला येणार नाही हे मी आत्ताच लिहून देतो :)

तर कुठल्या प्रकारचा कार्यक्रम निवडू? की सरळ लंडनला विगमोर हॉललाच नेऊ?

बंड्या_रीडिंग
न्या हो, विचारताय काय. माझी सासू गेली होती आमच्याबरोबर, तिला गाण्यापेक्षा पियानोची पानं उलटणारा मुलगा जास्त आवडला, केवढा सावध बसला होता म्हणे.

पेटीवाले_काका
मिरजकर, तुमच्या मातोश्रींना कान आहे हे गृहीत धरून लिहितो. लांबलचक होईल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, दुपारचा तासाभराचा कार्यक्रम घ्या. संध्याकाळचा मोठा नको. कारण या गाण्यात एकेक चीज दोन-तीन मिनिटांची असते, आपल्या माणसाला सवय असते की आलापात जरा टेकावं, मग बंदिश, मग हळूहळू रंग चढणार. इथे टेकायला जागाच नाही, बसेपर्यंत गाणं संपतं आणि पुढचं सुरू, वीस-बावीस गाणी म्हणजे वीस-बावीस वेगळे मूड. तासाभरात सुद्धा माणूस दमतो.

दुसरी, हॉलीवेल म्युझिक रूममधलाच कार्यक्रम घ्या. १७४८ ची वास्तू आहे, खास संगीतासाठी बांधलेली युरोपातली सगळ्यात जुनी म्हणतात, आणि जेमतेम दोनशे माणसं मावतात. गाणारा आपल्यासमोर इतक्या जवळ असतो की त्यानं श्वास कुठे घेतला ते दिसतं. आपल्याकडच्या घरगुती बैठकीच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच आहे. मोठ्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून हे गाणं पहिल्यांदा ऐकू नये असं माझं स्पष्ट मत.

तिसरी, हातात जे शब्दांचं पुस्तक मिळतं, एका बाजूला जर्मन एका बाजूला इंग्रजी, ते कार्यक्रमाआधी घरीच वाचून टाका. मूळ कविता आणि भाषांतर दोन्ही नेटवर मिळतात. हॉलमध्ये मान खाली घालून वाचत बसलं की निम्मं गाणं जातं, कारण निम्मं गाणं गायकाच्या चेहऱ्यावर असतं.

टाळ्यांचं आईंना आधीच सांगून ठेवा. तीन-चार गाण्यांचा गट असतो, टाळ्या गटाच्या शेवटी. मध्ये कुणी 'वाह' म्हणत नाही, मान हलवली तरी शेजारचा बघतो. हे आपल्याला सगळ्यात जड जातं, दाद गिळून बसायची. आणि खोकल्याची गोळी न्यायची तर कागद घरीच सोडवून रुमालात बांधून न्या, शांततेत तो कागद पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजतो.

आणि शूबर्टची विंटरराईजं ही गीतमाला अजिबात नको!! २४ गाणी, सव्वा तासाच्या आसपास, मध्ये इंटरवल नाही, प्रेमभंग झालेला एक माणूस बर्फातून चालत सुटतो, कुठेही पोचत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे कशाला?

केतकी_लीड्स
काका बाकी सगळ्याला +१ पण विंटरराईजंबद्दल तीव्र असहमत. मी सुरुवातच त्याने केली आणि त्यामुळेच टिकले. ती सुटी सुटी गाणी नाहीयेत ना, एकच माणूस एकच प्रवास, त्यामुळे तुम्ही म्हणताय तो वीस मूडचा प्रॉब्लेम तिथे येतच नाही, रंग चढायला वेळ मिळतो. आणि रात्रभर दर्ग्यात बसलेल्या काकूंना सव्वा तास म्हणजे काय हो.

मिरजकर, काकू मिरजेच्या आहेत म्हणून खास सांगते. त्यातलं शेवटचं गाणं आहे लायरमान. गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी बर्फावर उभा राहून हातानं फिरवायचं वाद्य वाजवतोय, कुणी ऐकत नाही, थाळीत पैसे नाहीत, कुत्री गुरगुरतायत, याचं वाजवणं चालूच. पियानोच्या डाव्या हाताला संपूर्ण गाणंभर नुसते षड्ज-पंचम. बदलतच नाहीत! सुरुवातीला त्यात एक टोचणारा कणस्वर घातलाय, वाद्य जुनं आहे असं वाटावं म्हणून. वर गळ्यात अगदी थोडे स्वर, जवळजवळ बोलल्यासारखे, आणि गायक थांबला की मधे पियानोचा उजवा हात दोन ओळी वाजवतो. बाकी २३ गाण्यांत पियानो सतत स्वरांच्या मोळ्या बदलत असतो आणि शेवटी येऊन एका सा-पवर थांबतो. सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळताना ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. निदान हे एक गाणं तरी यूट्यूबवर ऐकवा आधी, फिशर-डिस्काऊ या जर्मन गायकाचं मिळेल.

अवांतर: ऑक्टोबर चुकला तर आमच्याकडे लीड्स लीडर वसंतात असतो. २००४ पासून चालू आहे. या.

पेटीवाले_काका
केतकी, लायरमान यूट्यूबवर ऐकवा हे मान्य. पण पहिलं तिकीट त्याचं नको, या मुद्द्यावर मी ठाम. तू पंचविशीत ऐकलंस, फरक पडतो.

ठेका_चुकला
मला एक कळत नाही, हे भावगीतच झालं ना शेवटी? कवीची कविता, संगीतकाराची चाल, तीन मिनिटं, लिहिलेलं तसंच्या तसं गायचं. एक तान नाही, एक हरकत स्वतःची नाही. मग लोक तेच तेच गाणं शंभर गायकांकडून का ऐकतात? कलाकारानं करायचं काय? (भांडण काढत नाहीये, खरंच विचारतोय)

केतकी_लीड्स
भावगीताशी तुलना मला तरी अर्धी पटते. कविता आधी, चाल नंतर, हे सारखं. पण पियानो हा साथीदार नाहीये तिथे, तो अर्धा मालक आहे. शूबर्टचं चरख्यावरच्या ग्रेटशेनचं (गटेच्या 'फाऊस्ट' नाटकातली मुलगी) गाणं घ्या, १८१४ चं, पोरगा तेव्हा १७ वर्षांचा होता. ती सूत कातत बसलीये आणि पियानोचा उजवा हात म्हणजे ते गरगरणारं चाक. ती आपल्या प्रियकराची आठवण काढत काढत त्याच्या चुंबनापर्यंत येते आणि चाक थांबतं. सगळं थांबतं. मग पियानो एकदा चाक फिरवून बघतो, अडकतं, पुन्हा फिरवतो, अडकतं, मग कुठे ते लागतं. हे सगळं कागदावर लिहिलेलंच आहे पण ती गप्प जागा किती लांबवायची, चाक परत किती घाबरत सुरू करायचं, हे त्या दोघांचं. शंभर जण ऐकतात ते त्यासाठी.

आणि पट्टी बदलतात हं, जाड आवाजाची बाई तेच गाणं खालच्या पट्टीत गाते, आपल्यासारखंच काळी चार पांढरी दोन चालतं.

ठेका_चुकला
ओके, हे ऐकून बघतो. चाकाचं आवडलं.

सुभाषित
संस्कृतच्या बाई आहेत हे वाचून राहवलं नाही. मिरजकर, तुम्ही गायकाचं नाव बघून तिकीट काढू नका, कवीचं नाव बघून काढा. प्रोग्रॅममध्ये फ्रिडरिश र्‍यूकर्ट दिसतो का बघा. हा कवी म्हणजे पौर्वात्य भाषांचा प्रोफेसर, एर्लांगेनला आणि नंतर बर्लिनला. नलोपाख्यान यानं जर्मन पद्यात आणलं, गीतगोविंदसुद्धा आणलं. आणि याच माणसाच्या कवितांना शूबर्ट, शूमान, माहलर या सगळ्यांनी चाली दिल्यात. माहलरची र्‍यूकर्टवरची पाच गाणी आहेत, त्यातलं 'मी जगाला हरवलो' अशा अर्थाचं जे आहे ते इतकं संथ आहे की विलंबित ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटेल. आईंना सांगा की नल-दमयंतीवाल्या कवीचं गाणं ऐकायला चाललोय, बघा कशा येतात.

मग हाईनं, हाही जर्मन कवी. हा प्रत्यक्ष भारतात कधी आला नाही पण मेंडेल्सझोननं चाल दिलेल्या एका कवितेत प्रेयसीला सरळ गंगेच्या काठी घेऊन जातो. शूमाननं १८४० मध्ये त्याच्या कमळावरच्या कवितेला चाल दिली. त्यात कमळ सूर्याला घाबरून मान खाली घालून रात्रीची वाट बघतं आणि चंद्र हा त्याचा प्रियकर. हे आईंना नुसतं सांगा आणि काय म्हणतात ते इथे कळवा, मला फार उत्सुकता आहे.

आणि इंग्रजांपैकी संगीतकार होल्स्ट. लोकांना तो ग्रहांवरच्या 'द प्लॅनेट्स' या ऑर्केस्ट्राच्या रचनेमुळे माहीत, पण या गृहस्थानं लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले आणि ऋग्वेदातल्या नऊ सूक्तांची स्वतः इंग्रजी भाषांतरं करून आवाज आणि पियानोसाठी गाणी केली, १९०७-०८ च्या सुमारास. उषा आहे, वरुण आहे, नासदीय आहे, आणि चक्क मंडूकसूक्त आहे! फेस्टिव्हलमध्ये क्वचितच लागतात ही गाणी, पण रेकॉर्डिंग मिळतं. चेल्टनहॅमला त्याचं जन्मघर म्युझियम म्हणून ठेवलंय, ऑक्सफर्डहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

बंड्या_रीडिंग
सुभाषित, वाखुसा (वाचनखूण साठवली). मंडूकसूक्त पियानोवर, हे मी आज झोपेत बरळणार.

विगमोरवाली
विगमोरचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. १९०१ चा हॉल, बेखश्टाईन या जर्मन पियानो कंपनीनं स्वतःच्या शोरूमशेजारी बांधलेला, पहिल्या महायुद्धात जप्त होऊन १९१७ मध्ये नाव बदललं. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. आवाज इतका स्वच्छ येतो की पियानोचं पेडल सोडल्याचं सुद्धा कळतं. तुम्हाला सोमवारी दुपारी एकचा तासाभराचा कार्यक्रम सुटेबल आहे, बीबीसी रेडिओ थ्री वर्षानुवर्षं तिथून प्रक्षेपण करतंय. दर सोमवारी गाणं नसतं, कधी क्वार्टेट (चौघांचं वादन) कधी पियानो, तेवढं बघून घ्या. पस्तिशीच्या आत असाल तर पाच पौंडांच्या तिकिटांची स्कीम असते, आईंना अर्थातच नाही :)

ऑक्सफर्डहून ट्रेननं पॅडिंग्टन, तिथून एलिझाबेथ लाईननं बाँड स्ट्रीट, मग थोडं चालणं. नाहीतर ऑक्सफर्ड ट्यूब (नाव ट्यूब असलं तरी बस आहे) मार्बल आर्चला सोडते पण तिथून चालणं जास्त, गुडघ्यांचा विचार करा. प्रामाणिक मत विचाराल तर आधी हॉलीवेल, आवडलं तर मग विगमोर. जाऊन-येऊन अख्खा दिवस घालवून बाईंना नाही आवडलं तर परतीचा प्रवास लांबचा होतो.

मिरजकर_परदेशी
मंडळी, _/\_ एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. काल आईला फोनवर कमळाचं सांगितलं. पूर्ण सांगूनसुद्धा होऊ दिलं नाही. "चंद्राला बघून उमलतं ते कमळ नव्हे, कुमुद. सूर्यविकासी वेगळं, चंद्रविकासी वेगळं, आठवीतल्या पोराला माहीत असतं. तुझ्या त्या कवीला कुणी सांगितलं नाही वाटतं." मग दोन मिनिटांनी स्वतःच, "पण चाल कशी लावलीये?" सुभाषित, तुमचा नेम अचूक!

लायरमान पण पाठवलं होतं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यावर एवढाच मेसेज, "पंचम जरा चढा वाटतो." केतकी, आता हे पियानोच्या ट्यूनिंगमुळे का?

पेटीवाले_काका
चढा नसणार, उलट केसभर उतरलेला असणार. पियानोचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा किंचित खालीच लावतात, बाराही पट्ट्या चालाव्यात म्हणून. म्हणजे आईंना खटकलं ते बरोबर, दिशा मोबाईलच्या स्पीकरनं बदलली असेल. पण ज्या बाईला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं खटकतं तिच्याबद्दल आपण उगाच काळजी करतोय. काढा तिकीट.

केतकी_लीड्स
कुठलं काढलंत शेवटी??

मिरजकर_परदेशी
दुपारचं, हॉलीवेल, पुढून तिसऱ्या रांगेचं. यादीत शूमान आणि र्‍यूकर्ट दोन्ही आहेत. विंटरराईजं पण आहे संध्याकाळचं एक, त्याचं अजून नाही काढलं, दुपारचं बघून ठरवू म्हटलं. काका रागावू नका.

पुणे३०
धागा उशिरा बघितला. इकडे भारतात असं काही ऐकायला मिळतं का हो? पुणे-मुंबई?

विगमोरवाली
मुंबईत एनसीपीएचं कॅलेंडर बघत जा, अधूनमधून गायन-पियानोचे कार्यक्रम असतात. पुण्यात कॅम्पात माझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीचे पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात. फेब्रुवारीच्या आसपास गोव्यात असाल तर जुन्या गोव्यात टेकडीवरच्या चॅपलमध्ये मोंते फेस्टिव्हल असतो, आपलं आणि त्यांचं दोन्ही संगीत, सूर्यास्ताच्या वेळी बसायचं. आणि पॅट्रिशिया रोझारिओ ऐका, मुंबईत वाढलेली गोवेकर सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), इंग्लंडमध्ये मोठं नाव आहे आणि भारतात येऊन मुलांना शिकवते सुद्धा.

पुणे३०
माझदा हॉल माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे, कधी आत डोकावलो नाही. थँक्स.