मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला तर तक्रार कुणाकडे करायची?

साधा_मतदार:
निवडणुकीची आचारसंहिता माहीत आहे. मंत्री झाल्यावर लागू होणारी वेगळी असते म्हणे. समजा, राज्यातल्या एखाद्या मंत्र्याच्या खात्याचं कंत्राट त्याच्या सख्ख्या मुलाच्या कंपनीला मिळालं, तर भंग होतो का? दाद कुठे मागायची? चॅनेलवाले नुसते ओरडतात, नियम कुणी वाचून दाखवत नाही.

निवृत्त_कक्षाधिकारी:
असते. भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीनंतर १९६४ साली केंद्राने केली, राज्यातल्या मंत्र्यांनाही तीच. शपथेआधी स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, देणी, धंद्यातले हितसंबंध मुख्यमंत्र्यांना कळवायचे, धंद्याच्या कारभारातून बाहेर पडायचं, पुढे दरवर्षी विवरण द्यायचं.

भेटवस्तूंचं कलम फार बारकाईने लिहिलंय. परदेशातून मिळालेली वस्तू ५,००० रुपयांपर्यंतची असेल तर ठेवायची, त्यावरची तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात. हवीच असेल तर ५,००० च्या वरचा फरक भरून घ्यायची. मानाची तलवार, मानाचा झगा मात्र ठेवता येतो. तलवारीपर्यंत विचार झाला, आणि तुमचा तो मुलगा निसटला!

कुटुंबीयांनी सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्यात पडू नये, असं कलम आहे. पण कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, अल्पवयीन मुलं आणि मंत्र्यावर पूर्णपणे अवलंबून असलेले नातेवाईक. तिशीतला कमावता मुलगा त्यात बसतच नाही. बायकोची कंपनी असली तरी ‘नेहमीच्या व्यवहारात, बाजारभावाने’ ही सूट कंसात आहेच. माझी हयात टिपण्या लिहिण्यात गेली. असा कंस दिसला की समजावं, फाईल इथूनच पार होणार.

दाद मुख्यमंत्र्यांकडे. म्हणजे ज्यांनी मंत्रिमंडळात घेतलं, त्यांच्याकडेच.

वकिली_चष्मा:
काकांशी सहमत. शिवाय ही संहिता म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे निव्वळ तिच्या भंगावर कोर्टात फार काही हाती लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९-अ कलम आहे, पण ते आमदार-खासदाराने स्वतः सरकारशी केलेल्या कंत्राटापुरतं. पैसे घेतल्याचा पुरावा असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८. तो पुरावा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न.

साधा_मतदार:
मग मुख्यमंत्र्यांना पत्र टाकून गप्प बसायचं का, काका?

निवृत्त_कक्षाधिकारी:
गप्प कशाला? मुंदडा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घातला गेला. खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत विषय लावून धरला, न्या. चागलांनी मुंबईत खुली चौकशी केली. गर्दी इतकी की लोकांना ऐकू यावं म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले. १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. तेव्हा ही संहिता जन्मालाही आली नव्हती. कागद उघड्यावर आले की मंत्री हलतो, एवढं मला कळतं.

तेव्हा पत्र लिहाच, पण आधी माहिती अधिकारात त्या निविदेचे कागद मागा. आरोपाचं भाषण अर्जात नको, नुसती कागदांची नावं घाला: निविदा सूचना, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, निविदा समितीचं इतिवृत्त आणि सगळी शुद्धिपत्रकं, म्हणजे निविदेत मागाहून केलेले बदल. बाजारभाव होता की नाही ते तक्त्यात कळेल. शुद्धिपत्रकं मात्र विसरू नका. अनुभवाची अट तीन वर्षांवरून एक वर्षावर आणायची असेल तर ती तिथेच येते. त्या शुद्धिपत्रकाची तारीख आणि मुलाच्या कंपनीच्या नोंदणीची तारीख शेजारीशेजारी ठेवून बघा.