मदत हवी आहे: मुलांच्या कॅलेंडरमध्ये बेसबॉलपटू बेब रूथचा वाढदिवस कोणत्या तारखेला टाकू?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी शाळेतल्या ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी भिंतीवरचं कॅलेंडर करतेय. कालनिर्णयसारखे मोठे चौकोन आणि त्यात अमेरिकन खेळाडूंचे वाढदिवस, गाजलेले दिवस, सगळं मराठीत. ही मुलं खेळाबद्दल तासन्‌तास बोलतात, पण मराठीत कधीच नाही. म्हणून हा खटाटोप.

जानेवारी झाला. १७ ला मुहम्मद अली (१९४२), ३१ ला बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन (१९१९). अडलंय फेब्रुवारीत.

५ फेब्रुवारी हँक आरन, तोही बेसबॉलपटू, जन्म १९३४. ६ फेब्रुवारी बेब रूथ, जन्म १८९५. रूथचा ७१४ होम रनांचा (बॉल मैदानाबाहेर टोलवून सगळे बेस पार करायचे, तो होम रन) विक्रम आरनने मोडला, आणि दोघं शेजारच्या चौकोनांत! पण रूथ स्वतः कित्येक वर्षं आपली जन्मतारीख ७ फेब्रुवारी १८९४ समजत होता. १९३४ मध्ये पासपोर्ट काढताना जन्मदाखला हाती आला, तेव्हा त्याला खरी तारीख कळली.

माझ्या आजोबांची कागदोपत्री तारीख १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. आजी मात्र त्यांना आषाढातल्या तिथीलाच ओवाळायची. त्यामुळे रूथची ७ तारीख पुसून टाकायला माझा हात धजत नाही. ६ ला ठळक आणि ७ ला बारीक अक्षरात ‘तो स्वतः हा दिवस मानायचा’ असं चालेल का? की मुलं गोंधळतील?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ८ एप्रिल १९७४, अटलांटा. आरनने पिचर (बॉल टाकणारा) अल डाउनिंगच्या बॉलवर ७१५वा होम रन मारला. तो बेस पार करत धावत असताना दोन तरुण मैदानात घुसले आणि त्याच्या पाठीवर थापा मारत बरोबर पळाले. फेरी संपते त्या होम प्लेटपाशी आईने त्याला अशी घट्ट मिठी मारली की सोडेचना. हे चित्र मुलांना आवडेलच. पण त्याआधी कितीतरी महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती, कारण गोऱ्या रूथचा विक्रम एक काळा माणूस मोडणार होता. सोबत अंगरक्षक ठेवावा लागला होता. हे गाळलं तर त्या मिठीचा अर्थच लागत नाही.

मी असं लिहिलंय: ‘काही लोकांनी त्याला खूप घाबरवलं, कारण तो काळा होता. तरी तो रोज खेळायला आला. म्हणून आईने इतकं घट्ट धरलं.’ नऊ वर्षांच्या मुलाला हे झेपेल ना? शिक्षकमंडळींपैकी कुणी सांगेल का?

होम रन तसंच ठेवलंय. षटकार लिहिलं तर आजी-आजोबा सहा धावा धरतील.

शेवटचं. जूनमध्ये २३ तारखेला धावपटू विल्मा रुडॉल्फ (१९४०) आहे. लहानपणी पोलिओ होऊन पायाला ब्रेस लावावा लागलेली ही मुलगी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदकं जिंकली. ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये अजून एकही बाई नाही. नावं सुचवा, तारखेसकट. रविवारी छापायला देणार आहे.