लाडकी बहीणचे पैसे "सरकारचे" की "भावाचे"?

निफाडकर:
मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून धागा काढला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सहज विचारलं की हप्ता आला का, तर म्हणाल्या "हो, आली भावाची ओवाळणी". सरकार नाही, योजना नाही, पक्ष तर नाहीच नाही. आणि ह्याच मावशी 2024 च्या लोकसभेला निर्यातबंदीवरून असल्या पेटलेल्या, की कांद्याचा विषय निघाला की लाटणं बाजूला ठेवून बोलायच्या. तेव्हा दिंडोरी आणि नाशिक दोन्ही जागा महायुतीने घालवल्या आणि सहाच महिन्यात जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 आमदार त्यांचेच. खरंच बायकांना महिन्याला मिळणाऱ्या 1500 रुपयांनी एवढा फरक पडतो का, की ते पैसे ज्या पद्धतीने सांगितले गेले त्याने पडला?

कोपरगावचा पाहुणा:
माझी आई अंगणवाडी सेविका, त्यामुळे हे सगळं घरात बसून बघितलंय. 28 जून 2024 ला बजेटमध्ये घोषणा झाली आणि दोन-चार दिवसांत दारात रांग. आधी मुदत 15 जुलै होती, वय 60 पर्यंत, पाच एकराची अट, सगळीकडे दाखल्यासाठी मारामारी. मग पटापट बदललं, मुदत वाढवली, वय 65 केलं, जमिनीची अट गेली, पिवळं केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. लोक म्हणतात गोंधळ होता, मी म्हणतो तोच प्रचार होता, कारण महिनाभर गावात दुसरा विषयच नव्हता. ज्या बाईने आयुष्यात सरकारी फॉर्म स्वतः भरला नाही तिने मोबाईलसमोर फोटो काढून हमीपत्र दिलं. नंतर ऑगस्टमध्ये राखीच्या तोंडावर दोन महिन्यांचे 3000 एकदम. बँकेचा तो टिंग वाजलेला मेसेज आहे ना, त्याच्यापुढे कुठलंही होर्डिंग फिकं.

वऱ्हाडी ठेचा:
सगळं श्रेय बहिणींना देऊ नका हो. आमच्याकडे सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली होते तरी महायुतीला मतं पडलीच, त्यात "बटेंगे तो कटेंगे" होतं, मराठा-ओबीसी होतं, बंडखोरांची गर्दी होती. आणि फक्त पैशावर असतं तर आघाडीने महालक्ष्मी म्हणून 3000 आणि वर एसटी फुकट सांगितलं होतं की, डबल रेट, तरी कुणी भुललं नाही.

कोपरगावचा पाहुणा:
@वऱ्हाडी ठेचा पण त्यांचे 3000 जाहीरनाम्यात होते आणि इकडे मतदानाच्या आधी 7500 खात्यात पडून खर्च पण झाले होते. हातातलं सोडून पळत्याच्या मागे कोण जाणार?

सौ. स्पष्टवक्ती:
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. मध्य प्रदेशात शिवराजसिंहांनी 2023 मध्ये लाडली बहना आणली, तिथे ते आधीच "मामा" होते, मग भाऊ झाले. आपल्याकडे नातं तेच उचललं पण भाऊ निघाले तीन! योजनेच्या नावात "मुख्यमंत्री" आहे, तर अजितदादांच्या जाहिरातीत तोच शब्द गायब आणि अंगात गुलाबी जॅकेट, त्यावरून शिंदेंचे लोक चिडले, तिकडे फडणवीसांचे "देवाभाऊ" चे बॅनर वेगळेच. विरोधकांनी टीका केली की लगेच "सावत्र भाऊ" शिक्का, ह्याला तोड नव्हती, कारण योजनेवर प्रश्न विचारायचा म्हणजे घरातल्या बाईच्या तोंडचा घास काढायचा असं झालं. एकदा ओवाळणी म्हटलं की हिशोब मागता येत नाही, भावाला कुणी पावती मागतं का? पैसे आपल्याच टॅक्सचे आहेत हे वाक्य मी सासूबाईंसमोर बोलून बघितलं, दोन दिवस चहा माझा मीच करून प्यायले :)
आणि गंमत म्हणजे असल्या फुकट वाटपाला "रेवडी" म्हणून नाक मुरडणं 2022 मध्ये खुद्द मोदींनी सुरू केलं होतं. आता तो शब्द कुणीच काढत नाही, दोन्हीकडचे.

वऱ्हाडी ठेचा:
नातं एवढं घट्ट होतं तर निवडणूक झाल्यावर चारचाकी कुणाकडे आहे, सरकारी नोकरी कुणाला आहे हे तपासायला का लागले? पुरुषांची नावं सापडली यादीत. ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार, मग जिचं दोन्ही नाही तिने काय करायचं असा प्रश्न उभा राहिला तेव्हा जाग आली. मताच्या आधी सगळ्या बहिणी, मतानंतर लाभार्थी.

सौ. स्पष्टवक्ती:
हे मात्र लाखमोलाचं बोललात.

निफाडकर:
सगळ्यांचे आभार. आज मावशींना मुद्दाम विचारलं की तिघांपैकी नेमका कुठला भाऊ? पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "कुठला का असंना, एकवीसशे देतो म्हणाला होता, तेवढं त्याला विचारा तुमच्या त्या मोबाईलवरून."