रॅट, माऊस, बँडिकूट : मराठीत नेमकं काय?

ऐरोलीकर : सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे, इंग्रजी नोटिशीत 'रॅट्स, माइस अँड बँडिकूट्स' होतं, मी मराठीत 'उंदीर आणि घुशी' एवढंच लिहिलं तर कमिटीतले एक काका म्हणाले एक प्राणी गाळलास, रॅट म्हणजे घूस आणि माऊस म्हणजे उंदीर. खरंय का?

नौपाडा : काका चुकतायत. घूस म्हणजे बँडिकूट. तो शब्दच इंग्रजांनी तेलुगूतून उचललाय, पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. मोठी घूस किलोभर भरते, गटारातला रॅट दोन-तीनशे ग्रॅम आणि माऊस जेमतेम 20. रॅट आणि माऊस दोन्ही आपल्याकडे उंदीरच, फार तर मोठा उंदीर आणि पिटुकला.

कोपरखैरणे : मूषक लिहा की! संस्कृत मूष् आणि माऊस एकाच मुळातले. आणि सगळ्यांना मिळून कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, विश्वकोशातला शब्द आहे, वापरलाच नाही तर रुळणार कसा?

ऐरोलीकर : ताई, नोटीस वॉचमनपासून आजींपर्यंत सगळ्यांना कळायला हवी हो, कृंतक वाचून कोण धान्याचे डबे झाकणार?

कळवा : चिचुंद्री राहिली! ती कृंतक नाहीच, श्र्यू आहे, झुरळं-किडे खाते. इथले इंग्रज तिला वासामुळे मस्करॅट म्हणायचे, खरा मस्करॅट उत्तर अमेरिकेत पाण्यात राहतो. आमची आजी चिचुंद्रीला कधी मारू द्यायची नाही.

बेलापूर : मला तर मराठीच जास्त नेमकी वाटते. उंदीर कुरतडतो, घूस पोखरते, चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत पळते. इंग्रजीत रॅट का माऊस ते आकारावरून ठरतं, आपण कोण काय नासधूस करतंय ते बघतो. आमच्या जुन्या चाळीत घुशींनी पायरीखालची सगळी माती उकरली होती, एका पावसात पायरी खचली.

नौपाडा : असं काटेकोर नाहीये. मुरबाडला आमच्या भातखाचरांचे बांध पोखरतात त्यांनाही सगळे उंदीरच म्हणतात, घूस कोणी म्हणत नाही.

कोपरखैरणे : म्हणूनच म्हणते बोलीवर सोडलं की घोळ होतो. बँडिकूटचंच बघा, ऑस्ट्रेलियातला बँडिकूट कांगारूसारखा पिशवीवाला, तोंडावळा बघून नाव चिकटवलं. त्याला घूस म्हणणार का?

कळवा : ऑस्ट्रेलिया राहू दे ताई, चिचुंद्रीला तुमच्या गावी काय म्हणतात? माझ्या आजोळी चिचुंदर म्हणतात, तेही पुल्लिंगी.