पायमेल: जॉइंटच्या सबक्लासमधलं इनिट काढा

पायाच्या जॉइंटसाठी (सांगाड्यातला सांधा) वेगळा सबक्लास लिहिला, पण माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पायमेल या पायथन लायब्ररीतून तो रजिस्टर होत नाही, असा प्रश्न आहे. त्याचं कारण त्यातलं इनिट, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड. पायमेलच्या व्हर्च्युअल क्लासला, म्हणजे नोडच्या क्लासवरून आपण बनवलेल्या अशा सबक्लासला, स्वतःचं इनिट चालतच नाही. आणि चाललं असतं तरी उपयोग शून्य: दर वेळी पायनोड (मायातल्या नोडला पायथनमध्ये आणणारा क्लास) नवा ऑब्जेक्ट बनवतो, त्यामुळे सेल्फवर, म्हणजे आधीच्या ऑब्जेक्टवर, ठेवलेलं हरवतं. 'पायाचा जॉइंट' ही खूण नोडवरच कस्टम अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लावा, म्हणजे ती सीनसोबत सेव्हही होते.

नोड आपल्या सबक्लासचा आहे का हे ठरवणाऱ्या अंडरस्कोर-इज-व्हर्च्युअल या क्लासमेथडमध्ये तेवढं अ‍ॅट्रिब्यूट आहे का हेच तपासा, तेही मायाच्या एपीआयमधल्या एमएफएन-डिपेन्डन्सी-नोड या क्लासने. तिथे पायनोड वापरलात की तो पुन्हा हीच तपासणी बोलावतो आणि रिकर्शनचा भोवरा सुरू! प्रत्येक जॉइंटमागे ती चालते, म्हणून हलकी ठेवा. तपासणीला नोडचं नाव लागत नसेल तर रजिस्टर करताना नेम-रिक्वायर्ड फॉल्स द्या.